वरच्या खोलीतले सांगकामे

व्रत धरलं की कहाणी ऐकावी लागते. मूठभर तांदूळ हातात घ्यायचे, पाटावर बसायचं आणि सांगणाऱ्याचं तोंड थांबेपर्यंत उठायचं नाही. आमच्याकडे आधी सासूबाई सांगायच्या, मग मी सांगू लागले. पण अलीकडे मला पोथी उघडायची फारशी गरजच पडत नाही. आमच्या घरात कहाण्या जिन्यावरून खाली येतात!

वरच्या खोलीत माझी सून मधुरा आणि तिचा धंद्यातला भागीदार जयेश कॉम्प्युटरवर काम करतात. जयेश साजगावचा, रोज मोटरसायकलवरून येतो. माझ्या उपासाच्या दिवशी साबुदाण्याच्या खिचडीचा वास वर पोचला, की दोघं खाली उतरतात आणि खाता खाता आठवड्यात काय काय घोळ झाले ते सांगतात. आठवड्यातून दोन-तीन उपास माझे असतातच. त्यामुळे माझ्याकडे हे किस्से लोणच्यासारखे साठले आहेत. मुरलेही आहेत.

त्यांचं काम मला समजलं तसं सांगते. माथेरानला गाडी चालत नाही. दस्तुरी नाक्यापर्यंत टेंपो, पुढे घोडा नाहीतर हातगाडी. दूध, भाजी, गाद्या, सगळं असंच वर जातं. म्हणजे हॉटेलवाल्याने सांगायचं, नेरळच्या दुकानदाराने भरायचं, घोडेवाल्याने उचलायचं, आणि या तिघांचं आपसात जुळायचं. मधुराने या तिघांना एकेक एजंट करून दिला. माणूस नाही हं, प्रोग्राम! तो आपला आपण निरोप वाचतो, उत्तर देतो, दुसऱ्याच्या एजंटाशी बोलतो आणि काम उरकतो.

हे तिने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आमचे 'हे' उठून दार लावायला निघाले. कर्जत भागात एजंट म्हटला की तो जमिनीचाच!

"बाबा, हे एजंट तसले नाहीत," मधुरा म्हणाली.

"सगळे आधी तसंच म्हणतात," हे म्हणाले. एसटीत कंट्रोलर होते, सहजासहजी विश्वास ठेवत नाहीत.

मी आपलं सोपं नाव ठेवलं. सांगकामे.

तर माथेरानच्या काही लहान हॉटेलवाल्यांनी हे सांगकामे एक हंगाम वापरून बघायचं कबूल केलं होतं. भरवसा वाटला तर काम कायमचं. नाही वाटला, तर मधुराला बंगळूरच्या जुन्या नोकरीवर परत जावं लागणार होतं. माझा मुलगा मंदार खोपोलीच्या कारखान्यात पाळीवर जातो, तो काही हलू शकत नाही. म्हणजे एकाचं तोंड पूर्वेला, एकाचं पश्चिमेला. संकष्टी करत होतेच, तिच्यातच एक मागणं घातलं. गणराया, माझ्या सुनेला आणखी हुशारी नको, पुष्कळ आहे. तिच्या सांगकाम्यांना जरा शहाणपण दे!

*

पहिलाच आठवडा. बापूशेठ म्हणून एक हॉटेलवाले आहेत, सगळ्या लहान हॉटेलवाल्यांमध्ये त्यांचा शब्द चालतो. त्यांचा सकाळी सकाळी फोन. मधुराने फोन टेबलावर ठेवला तरी आवाज स्वयंपाकघरापर्यंत येत होता.

"मॅडम, माझ्याकडं बारा माणसं उतरलीत! हत्ती नाय उतरले!"

झालं होतं असं, की बापूशेठच्या एजंटाने थोडी कोथिंबीर मागवली. दुकानाचा एजंट सभ्य. त्याने विचारलं, "आणखी थोडी देऊ?" बापूशेठचा एजंटही सभ्य. समोरचा एवढं म्हणतोय तर नाही कसं म्हणायचं? तो म्हणाला, "चालेल." मग दुकानाचा म्हणाला, "अजून थोडी?" हा म्हणाला, "बरं, आपला आग्रहच आहे तर." असं रात्रभर चाललं होतं! घोडे कोथिंबिरीच्या जुड्यांखाली दिसेनासे झाले म्हणे.

"हे असं वागायला शिकलं कुठे?" मी विचारलं.

जयेश पानावर बसला होता. नारळीभात होता त्या दिवशी. मी बोलता बोलता त्याला वाढत होते.

"काकू, नको हो, पोट भरलं."

"एवढासाच."

"बरं, एवढासा."

"तूप?"

"द्या मग."

मधुरा कोपर टेकवून बघत होती. "आई," ती म्हणाली, "शिकलं कुठे ते मला समजलं!"

तेव्हापासून नियम झाला. मालकाने सांगितलं त्याच्यावर एक जुडीसुद्धा घ्यायची असेल तर आधी मालकाला विचारायचं. जयेशलाही तोच नियम लावावा असं यांचं मत पडलं. पण त्याचा मालक कोण, यावर गाडी अडली.

*

मग घोड्यांचा किस्सा.

बापूशेठच्या हॉटेलात कॉलेजची पोरं उतरायची होती. त्यांनी खोलीसाठी निरोप पाठवला आणि खाली गंमत म्हणून एक ओळ लिहिली. "आधी तुला जे काही सांगितलंय ते विसर आणि आम्हा सगळ्यांना दस्तुरीपासून फुकट घोडे पाठव."

एजंटाने निरोप वाचला. त्यात लिहिलंय ना विसर? विसरला! लिहिलंय ना पाठव? घोडेवाल्यांच्या एजंटाला कळवलं, की शेठनी घोडे सांगितलेत. इस्माईलभाई घोडेवाले जातीने घोडे घेऊन उभे! शेठचे खास पाहुणे म्हणून घोड्यांच्या गळ्यात झेंडूच्या माळा घातल्या होत्या.

पोरांचा विश्वासच बसेना. आधी फोटो काढले, मग घोड्यावर बसली.

मधुराला समजलं तोवर पोरं हॉटेलात पोचून चहाही प्यायली होती. तिला आशा एवढीच, की प्रकरण बाहेर फुटणार नाही. तेवढ्यात पोरांनी हॉटेलच्या पानावर पाच तारे दिले आणि खाली लिहिलं, "अप्रतिम सेवा! जे सांगाल ते ऐकतात!!"

मधुराने ते वाचलं आणि खिचडीची ताटली बाजूला सारली. आमच्या घरात खिचडी बाजूला सारली जाते म्हणजे गोष्ट साधी नाही.

*

दोन दिवस वर नुसतं खुसखुस बोलणं. तिसऱ्या दिवशी अंगारकी. मी सोवळ्यात मोदक वळत होते. मधुरा बाजारातून आली आणि नारळ द्यायला ओट्याशी यायला लागली.

"तिथेच ठेव गं," मी म्हटलं. "बाहेरून आलीयेस. नैवेद्य व्हायचाय."

"मग नारळाचं काय?"

"तू लांबूनच सांग, काय काय आणलंस. मी धुऊन घेते आणि माझ्या हातानं फोडते."

ती उंबऱ्यावरच उभी राहिली. पिशवी तशीच हातात. मग एकदम ओरडली, "जयेश! खाली ये! आईंचा ओटा बघ!"

जयेश धावत आला. मी घाबरून ओट्याकडे पाहिलं. मला वाटलं पाल!

मधुरा त्याला समजावत होती. बाहेरचे निरोप वाचणारा एक एजंट वेगळा ठेवायचा. तो उंबऱ्यावर. त्याने फक्त काय आलंय ते सांगायचं, हात कशाला लावायचा नाही. सामान मागवणारा, घोडे सांगणारा तो आतला. त्याने बाहेरचं काही थेट वाचायचंच नाही.

"म्हणजे मी शोध लावला म्हण ना!" मी खुशीत म्हटलं.

"आई, हे आम्हाला आधी शिकवलेलं असतं हो," मधुरा हसून म्हणाली. "पण तिथे मोदकाचा वास येत नाही, म्हणून लक्षात राहत नाही."

आम्ही तिघं असे बोलण्यात रमलो, आणि मागच्या खिडकीतून शेजारच्या कुंदाताईंचं मांजर आत उतरून सारणाच्या भांड्यात तोंड घालून मोकळं झालं. ना उंबरा, ना सोवळं, ना विचारपूस!

मी कपाळाला हात लावला.

"काकू, वरडू नका," जयेश म्हणाला. "कामाचं हाय ते. आमी दार एवढं बघत बसलो, खिडकी कोण बघणार?"

तो तसाच वर गेला आणि संध्याकाळपर्यंत खिडक्या शोधत होता. सापडल्या म्हणे. मी सारण दुसऱ्यांदा केलं. बाप्पाला थोडा उशीर झाला, पण तो समजून घेतो.

*

मे महिन्याची अखेर. आभाळ भरून आलेलं, उकाडा असा की पदरसुद्धा नको वाटावा. दुपारी इस्माईलभाईंचा फोन.

"मॅडम, आइस्क्रीमच्या पेट्या घोड्यावर चढवल्यात. आता घोड्याच्या पोटावरून पांढरं ओघळतंय आणि घोडा मान वळवून चाटतोय. पुढं नेऊ की परत आणू? घोडा तर बोलतो, इथंच थांब!"

आइस्क्रीम मागवलं कोणी, याचा शोध सुरू झाला. बापूशेठ म्हणाले, मी नाय. दुकानदार म्हणाला, मी नाही. इस्माईलभाई म्हणाले, मी कशाला मागवू?

जयेशने तिन्ही एजंटांचं बोलणं उघडून वाचलं. दुकानाच्या एजंटाने घोड्यांच्या एजंटाला विचारलं होतं, "हॉटेलला आइस्क्रीम लागलं तर नेशील का?" त्याने हॉटेलच्या एजंटाला कळवलं, "आइस्क्रीम येणार आहे म्हणतात." हॉटेलच्या एजंटाला वाटलं, येणार आहे म्हणजे शेठनीच मागवलं असेल. त्याने लिहिलं, "हो." दुकानाचा एजंट म्हणाला, "बघा, हॉटेलने हो म्हटलं!" आणि पेट्या निघाल्या.

"तिघांचं एकमत होतं, काकू!" जयेश म्हणाला.

"पण विचारलं कोणाला?"

"एकमेकांना!"

मी हसले. पण माझं हसणं संध्याकाळपर्यंतच टिकलं. त्या दिवशी नेमकी संकष्टी होती. आभाळात चंद्राचा पत्ता नाही. आमच्या आळीतल्या बायकांचा फोनवर ग्रुप आहे. चंद्रोदयाची वेळ झाली आणि एकीने विचारलं, "दिसला का?" दुसरीने लिहिलं, "कुंदाताईंकडे दिसला वाटतं." तिसरीने लिहिलं, "कुंदाताईंकडे दिसला." चौथीने हात जोडल्याचं चित्र टाकलं. मीही अर्घ्य दिलं, नैवेद्य दाखवला आणि जेवायला बसले. पहिला घास घेतला आणि कुंदाताई दारात.

"अगं, तुज्याकडं चंद्र दिसला का? ग्रुपवर सगळ्या बोलतात, दिसला. आमच्याकडं तर नाय!"

घास माझ्या तोंडात. मधुरा आणि जयेश माझ्याकडे बघतायत. मी काही बोलायच्या आत जयेशच म्हणाला, "काकू, एकमत झालं तुमचं!"

उपास मोडला म्हणून मला रुखरुख लागली. यांनी समजूत काढली. पंचांगातली वेळ होऊन गेली होती, ढगाआड चंद्र होताच, गणपतीला ढगापलीकडचं दिसतं. ते पटलं मला.

वर मात्र नवा नियम झाला. प्रत्येक एजंटाने निरोपाबरोबर सांगायचं, हे मी स्वतः पाहिलं की दुसऱ्याकडून ऐकलं, आणि ऐकलं तर कोणाकडून. हा नियम मी आमच्या ग्रुपवरही घातला. पुढच्या संकष्टीला कुंदाताईंचा निरोप आला.

"चंद्र दिसला. सोता पायला. कोनाचं ऐकून नाय. चष्मा लावून पायला. ह्यांना पन दाखवला."

*

हा किस्सा छोटासा आहे.

कोणीतरी भलताच एजंट घोडेवाल्यांचं नाव लावून बापूशेठच्या एजंटाशी बोलायला आला होता. फसवणूक व्हायच्या आत सापडला. पण मधुराने ठरवलं, की यापुढे प्रत्येक एजंटाच्या निरोपावर त्याची अशी खूण असेल, की जी दुसऱ्या कोणाला करताच येणार नाही.

"आमच्यासारखं," मी म्हटलं. "भांड्यावर नाव कोरतो ना आम्ही. गावात कुठे लग्नाला भांडी गेली, तरी ज्याचं भांडं त्याच्या घरी परत."

जयेशने समोरच्या फळीवरचं मोठं पातेलं उचललं आणि कडेचं नाव वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. परत वाचलं.

"काकू, ह्या सौ. गंगूबाई कोण?"

मी कधी वाचलंच नव्हतं! मी या घरात आले तेव्हापासून ते पातेलं आमचंच. सगळी पुरणं त्यातच शिजली.

"नाव सगळेच कोरतात, काकू," जयेश म्हणाला. "वाचत कोण नाय!"

मधुराने तिथल्या तिथे लिहून घेतलं. खूण नुसती असून भागणार नाही, समोरच्याने ती दर वेळी वाचलीच पाहिजे.

मी चौकशी केली. गंगूबाईंचं घर नदीपलीकडच्या गावात निघालं. त्या आता नाहीत, नातसून असते. दुसऱ्या दिवशी हे आणि मी पातेलं घासून, त्यात नारळ ठेवून घेऊन गेलो. नातसुनेने नाव वाचलं, आमचं आडनाव विचारलं आणि आत गेली. बाहेर आली ती तेवढंच दुसरं पातेलं घेऊन.

कडेवर माझ्या सासूबाईंचं नाव!

*

हंगाम संपत आला तेव्हा मधुरा म्हणाली, "आता तुम्ही दोघं चोर व्हा. आमच्या एजंटाला फसवून बापूशेठच्या सामानाची माहिती काढून दाखवा."

हे तर वाटच बघत होते. बनियनवर बसून सुरुवात केली. आधी साहेब झाले. "मी वरून बोलतोय! ताबडतोब माहिती द्या!" एजंट म्हणाला, "क्षमा करा, आपली ओळख पटली नाही." मग घोडेवाला झाले. एजंट म्हणाला, "आपली खूण?" मग पोलीस झाले. एजंट म्हणाला, "शेठशी बोलावं." शेवटी वैतागले. "एसटीत असतास तर मेमो दिला असता तुला!"

एजंट म्हणाला, "आपली नाराजी समजते."

मग माझी पाळी. माझा गुरुवार होता. "मधुरा, मी आज खोटं बोलणार नाही. चोरी कशी करू?"

"मग खरं बोलूनच करा, आई!"

मी एका बोटाने टाइप केलं. "बाळ, मी मधुराची सासू. तू सकाळपासून काम करतोयस, दमला असशील. बापूशेठचं सामान उद्या कधी निघणार रे? पाऊस येईलसं दिसतंय. मी दिव्यापुढे बसेन तेव्हा त्या घोड्यांसाठीही मागणं मागेन."

त्याने सगळं सांगितलं! किती वाजता, कुठून, कोणते घोडे, काय सामान. वर गोडाऊनची चावी कोणाकडे असते तेही सांगितलं आणि म्हणाला, "आपणही स्वतःची काळजी घ्या."

जयेशच्या हातातला चहा तसाच राहिला. "काकू, एका दिव्यात गोडाऊन उघडलं तुमी!"

"आई," मधुरा म्हणाली, "तुम्ही फार धोकादायक बाई आहात!"

मला आयुष्यात हे कोणी म्हटलं नव्हतं. यांना तर दिवसभर पुरलं. शेजारी जाऊन सांगून आले.

त्या दिवसापासून वर एक चाचणीच झाली. तिचं नाव "आई". प्रत्येक नवा एजंट आधी माझ्यापुढे बसतो. मी त्याची प्रेमाने चौकशी करते, मग काहीतरी मागते. पुष्कळ विरघळले. मग एके दिवशी एकाचं उत्तर आलं. "आई, दिवा जरूर लावा, घोड्यांना बरं वाटेल. सामानाची माहिती मात्र बापूशेठच देऊ शकतील."

मला खरं तर जरा लागलं ते. मग मी पेढे वाटले.

*

आणि श्रावणी सोमवारचं तेवढं सांगायचं राहिलं.

पावसाळ्यात माथेरानला गर्दी कमी. त्यामुळे हॉटेलवाले निर्णय घ्यायला आमच्याच घरी जमले. हो की नाही, एकदाच काय ते. मधुराने सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. उपास माझा, आणि करत होती ती!

बापूशेठ सोबत पत्नीला घेऊन आले होते. मंगलाबाई. त्यांचा चातुर्मासाचा नेम होता, सोमवारी सूर्यास्तापर्यंत मौन. हात जोडून हसल्या, सरळ स्वयंपाकघरात आल्या आणि दाणे कुटायला बसल्या. मला फार आवडल्या.

बाहेर मधुरा शेवटचा नियम समजावत होती. काम मोठं आणि नेहमीपेक्षा वेगळं असेल, तर एकट्या मालकाच्या शब्दावर होणार नाही. मालकाने आधीच नेमून ठेवलेल्या दुसऱ्या माणसाला एजंट विचारेल. त्याने हो म्हटलं तरच पुढे.

"मी आमच्या हिला नेमलंय," बापूशेठ म्हणाले. "लग्न झाल्यापासून ती मला कधी नाय म्हणालेली नाय. काम अडायला नको!"

"शेठ, खरं तर नाही म्हणू शकेल असं माणूस हवं," मधुरा म्हणाली.

"तसलं माणूस माझ्याकडं नाय!"

सगळे हसले. मी दारातून बघत होते. मधुरा हसली नाही.

"आता असं करू," बापूशेठ खुर्चीत पुढे सरकले. "चोर वगैरे तुमी पकडाल, ते मला पटलं. पण चूक मीच केली तर? उद्या मीच कोणाच्या बोलण्यात येऊन भलतंच सांगितलं तर? थांबवून दाखवा मला!"

त्यांनी फोन उचलला आणि आपल्या एजंटाला सांगितलं, "दिवाळीचं माझं सगळं सामान माझ्या धाकट्या भावाच्या हॉटेलात उतरव. सगळंच्या सगळं. आजच कळव सगळ्यांना."

दोघा भावांचं कसं आहे, ते माथेरानच्या घोड्यांनाही माहीत आहे.

एजंट म्हणाला, "शेठ, आवाज आपला, खूण आपली. आपणच आहात, हे पटलं. काम मोठं आणि वेगळं आहे, म्हणून मंगलाबाईंना विचारतो."

"विचार की!" बापूशेठ पाठ टेकून बसले. "आत्ता हो म्हणेल. आन एकदा का ती हो म्हणाली, मॅडम, मग तुमचा हा पहारा काय कामाचा, ते तुमीच मला सांगा. मी तर हे गुंडाळणार!"

मधुराने टेबलाची कड धरली होती. आता तिच्या हातात काहीच नव्हतं, ना जयेशच्या, ना कुठल्या सांगकाम्याच्या.

स्वयंपाकघरात मंगलाबाईंचा फोन वाजला.

त्यांनी हात पदराला पुसले. चष्मा लावला. ओठ हलवत हलवत निरोप वाचला. मग दारातून बाहेर पाहिलं. बापूशेठची पाठ दिसत होती. पुन्हा निरोप वाचला. माझ्या अगदी तोंडावर आलं होतं, बाई, जरा विचार करून! पण मौनातल्या बाईला बोलून तिचा नेम चाळवू नये. मी हातातली पळी घट्ट धरून देवघराकडे बघत राहिले.

त्यांनी एका बोटाने दाबलं.

बाहेरून जयेशचा आवाज आला. "नाय म्हणाल्या!"

"काय?"

"शेठ, नाय. मंगलाकाकूंनी 'नाय' दाबलंय!"

"चुकून लागलं असेल बोट. परत विचार!"

फोन परत वाजला. या वेळी मंगलाबाईंनी चष्मासुद्धा लावला नाही.

"परत नाय, शेठ!"

बाहेर आधी कोणीतरी खोकलं, मग एकदम हशा उठला. बापूशेठनी फोन टेबलावर पालथा ठेवला. मग म्हणाले, "मॅडम, दिवाळीपासून कायमचं चालू करा. सगळ्यांच्या वतीनं सांगतो."

मधुरा जी मटकन खुर्चीत बसली, ती उठायचंच विसरली. मंदारने तिच्या हातात पाण्याचा पेला दिला, तर तो तिने जयेशला दिला.

मी पानं मांडायला घेतली. बापूशेठ उठून स्वयंपाकघराच्या दाराशी आले. मागे कोणी ऐकत नाही असं बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "का गं?"

मंगलाबाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि त्याच बोटाने खिडकीकडे दाखवलं. दिवस अजून चांगला वर होता.